कागदापेक्षा उजळ

आमच्या घरात सूर्य रोज साडेदहाच्या सुमाराला पडवीत यायचा आणि आंब्याच्या पेटीत बसायचा. ऐकायला हे बालवाडीतल्या गोष्टीसारखं वाटेल, पण ऐंशीच्या दशकातली ती दोन-तीन वर्षं रत्नागिरीत आमच्याकडे हे खरोखरच चाललं होतं. मी तेव्हा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे. कॉलेजच्या कपाटात एक तीन इंची पितळी दुर्बीण बुरशी खात पडली होती. ती घरी न्यायची परवानगी मिळावी म्हणून मी प्राचार्यांना तीन अर्ज केले. तिसऱ्या अर्जाला ते कंटाळले आणि दुर्बीण माझी झाली.

दुर्बिणीतून सूर्याकडे डोळा लावून बघायचं नसतं, डोळा कायमचा जातो. तिच्या मागच्या बाजूने येणारा उजेड पांढऱ्या कागदावर पाडायचा. मग बशीएवढा सूर्य कागदावर उमटतो आणि त्यावरचे डाग पेन्सिलीने गिरवता येतात. आजूबाजूचा उजेड अडवायला मी आंब्याची रिकामी पेटी आतून काजळीने काळी केली आणि तिच्यात कागदाची पाटी बसवली. रोज एक चित्र काढायचं, महिनाअखेर सगळे कागद दक्षिणेकडच्या एका वेधशाळेत माझ्या जुन्या सरांकडे पाठवायचे, असं ठरलं होतं. त्यांच्याकडे मोठमोठी यंत्रं होती, पण ढगांचं राज्यही होतं. आमच्याकडे हिवाळ्यात आकाश कसं लख्ख असतं.

अडचण एकच होती. चित्र काढायची उत्तम वेळ साडेदहा ते साडेअकरा, आणि त्या वेळी मी वर्गात. नवरा बोटीवर, वर्षातले नऊ महिने. सासूबाईंना सूर्य पापड वाळवण्यापुरता माहीत आणि तेवढा पुरेसा. राहिले मामंजी.

मामंजी मूळचे समुद्रकाठच्या नाटे गावचे. बावीस वर्षं त्यांनी बोटींवर आगवाला म्हणून काढली होती, म्हणजे इंजिनखोलीत बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून आग सांभाळायची. ज्वाळेचा रंग बघून आत वाफेला किती दाब आहे हे ते काट्याकडे न बघता सांगत, असं त्यांच्याबरोबरचे लोक घरी आले की सांगायचे. शेवटच्या खेपेला बोटीवर चढण्याआधीच्या तपासणीत डॉक्टरांनी त्यांना डोळ्यांत नापास केलं आणि ते घरी आले. तेव्हापासून ते पडवीतल्या बाकावर बसून असत. कोणी डोळ्यांचा विषय काढला की उठून पडवीपुढच्या खळ्यात जात. वर्तमानपत्र मात्र शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचत, आणि तेही चष्मा न लावता, सगळ्यांना दिसेल असं.

त्या घरात सून सासऱ्यांशी तोंडावर बोलत नसे. कोणी तसा नियम सांगितला नव्हता, पण होता. मला काही सांगायचं असलं तर मी दोन हातांच्या अंतरावर उभी असतानाही मामंजी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणत, "तिला सांग." मीही सासूबाईंनाच उत्तर द्यायची. कॉलेजात साठ पोरांपुढे खडू फेकणारी मी, घरी आले की भिंतीशी बोलायची. चिडचिड व्हायची, पण त्यात एक सोयही होती. दोघांच्या मध्ये सासूबाई असल्यामुळे कुठलंही बोलणं एकदम अंगावर येत नसे.

तर सूर्याचं काम मामंजींकडे गेलं तेही असंच. मी एकदा सासूबाईंना म्हटलं की चित्र काढायला कोणी असतं तर बरं झालं असतं. मामंजी बाकावरून उठले, पेटीजवळ जाऊन उभे राहिले आणि माझ्या हातातली पेन्सिल घेतली. दुसऱ्या दिवशीपासून कागदाच्या कोपऱ्यात वेळ, वारा, आकाश कसं आहे ते, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात येऊ लागलं. बोटीवरच्या पाळीची शिस्त होती ती. खाली 'निरीक्षक' अशी एक रेघ मी छापून घेतली होती, तिथे ते पूर्ण नाव लिहीत. पहिल्या दिवशी नाव लिहून त्यांनी कागद लांब धरून पाहिला, ते मला अजून आठवतं.

संध्याकाळी आमचा सूर्याचा वर्ग भरे, अर्थात सासूबाईंच्या मार्फत. आपल्याला दिसतो तो सूर्याचा चेहरा म्हणजे दीप्तिगोल, मी भाकरी थापणाऱ्या सासूबाईंना सांगायची. त्याच्यावर वर्णगोलाचा पातळ थर, आणि त्याच्याही वर लांबवर पसरलेला किरीट. डागांच्या आसपास चुंबकीय रेषांचा गुंता असतो. तो ताणता ताणता एकदम सुटतो आणि वर किरीटात सौर ज्वाला भडकते. सुटलेली ऊर्जा कणांच्या रूपात त्याच रेषांवरून खाली धावते आणि वर्णगोलावर आदळते. तिथला वायू क्षणात इतका तापतो की उतू जाणाऱ्या दुधासारखा वर चढतो. खास लाल काचेतून पाहिलं तर त्या जागी दोन झळझळीत पट्टे दिसतात. पण त्याच्याही खाली, दीप्तिगोलापर्यंत, ती झळ बहुधा पोचत नाही. म्हणून आपल्या साध्या कागदावर ज्वाला कधी दिसायची नाही. फारच क्वचित खालचा थरसुद्धा उजळतो, पण एवढ्या खोल ऊर्जा जाते कशी, हे मोठमोठ्यांनाही अजून नीट कळलेलं नाही.

मामंजी ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "तिला इचार, आग वर पेटली तर खालचं कसं तापंल? आग वर जाते. खाली जात नाय."

मी उत्तराची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात सासूबाईच तव्यावरची भाकरी उलटत बोलल्या. त्या आतल्या गावच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. "भाजवळ लावताना बघितलं नाय का तुम्ही? रोपाच्या जागेवर शेण-पातेरा पसरतो नि वाऱ्याच्या बाजूनं पेटवला तर भसाभसा जळून जातो, माती थंडच. म्हणून उलट्या बाजूनं लावायचा. मग आग रांगत जाते नि बोटभर माती भाजते. आग कशी येते त्यावर हाय खाली काय जाईल ते."

इतकी वर्षं मी हे फळ्यावर बाण काढून शिकवत होते आणि पोरं जांभया देत होती. दुसऱ्या दिवशी वर्गात भाजवळ सांगितली, तर मागच्या बाकावरची शेतकऱ्यांची पोरंसुद्धा सरळ बसली.

पुढची गोष्ट एका जानेवारीतल्या शेवटच्या शनिवारची. सासूबाई कोणाच्या तरी बारशाला नाट्याला गेल्या होत्या, म्हणजे घरात मी आणि मामंजी दोघंच आणि मध्ये बोलायला कोणी नाही. मी प्रॅक्टिकल आटपून पाचला घरी आले, तर माझ्या टेबलावर त्या दिवसाचा कागद ठेवलेला होता, वर पेपरवेट म्हणून त्यांचं घड्याळ. एरवी ते कागद पेटीतच ठेवत. मामंजी दारात उभे होते. मी वर पाहिलं तसे ते बाहेर गेले.

कागदावर डागांचा मोठा पुंजका छान उतरला होता. पण त्याच्या दोन्ही बाजूंना कागदाला भोकं होती. सुईने टोचल्यासारखी बारीक, एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला पाच, जराशी वाकडी. मला वाटलं, पाटीला कागद लावताना टाचणी चुकीच्या जागी बसली असेल, पुन्हा पुन्हा. हात थरथरला असेल. किंवा दिसलं नसेल. तपासणीतले ते डॉक्टर माझ्या मनात आलेच, खोटं कशाला सांगू. कोपऱ्यात एका वेळेऐवजी दोन वेळा लिहिल्या होत्या, ११-१२ आणि ११-१७. तोही मला घोटाळाच वाटला.

आता साधी गोष्ट होती. पडवीत जाऊन विचारायचं, मामंजी, ही भोकं कसली? पण सासऱ्यांना 'तुमचा कागद फाटका का' असं विचारणं म्हणजे त्यांची चूक त्यांच्या पदरात घालणं. सासूबाई असत्या तर गोष्ट चुलीपाशी हसत हसत निघाली असती. त्या नव्हत्या. शिवाय मला नीटनेटकेपणाचं भारी वेड. सरांकडे जाणारा कागद भोकाभोकांचा गेलेला मला खपला नसता. रविवारी सकाळी मी नवा कागद घेऊन त्यावर सगळे डाग हुबेहूब उतरवले, वेळ एकच लिहिली, आणि खाली निरीक्षक म्हणून मामंजींचं नाव घातलं. म्हाताऱ्या माणसाची चूक आपण प्रेमाने झाकली, असं वाटून मला बरंही वाटलं. शाई वाळायला कागद टेबलावर ठेवला, जुना टोपलीत टाकला, आणि आंघोळीला गेले.

परत आले तेव्हा मामंजी टेबलाजवळ उभे होते. माझी चाहूल लागताच ते खळ्यात निघून गेले.

सोमवारी मी पाकीट पोस्टात टाकलं. मंगळवारी घरी आले तर पेटी रिकामी. बुधवारीही. सासूबाई परतल्या होत्या, त्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ते म्हणतात, माझे डोळे गेले. तिचं काम तिला करू दे."

त्यानंतरचे तीन आठवडे मला आठवायला आवडत नाहीत. मामंजी बाकावर बसत, पण पेटीकडे पाठ करून. वर्तमानपत्र तसंच घडी घातलेलं पडून राही. एकदा सासूबाई तांदूळ निवडायला बसल्या होत्या आणि ते नेहमीसारखे खडे दाखवायला गेले नाहीत. जेवताना माशाचा काटा चाचपून काढू लागले. जो माणूस महिन्यापूर्वी मिऱ्या बंदराच्या बाजूची होडी कोणाची ते पडवीतून सांगत होता, तो डोळे असून आंधळ्यासारखा वागू लागला. सासूबाई घाबरल्या. मला वाटलं, खरंच दिसेनासं झालंय बहुतेक, आणि मी मुंबईच्या डॉक्टरांची चौकशी सुरू केली. माझ्या डोक्यात दुसरा विचार आलाच नाही, याची मला आजही लाज वाटते.

ब्लाउज शिवायला टाकला होता, म्हणून टेलरकडे गेले. टेलर क्रिकेटचा वेडा. त्याचा नवा रेडिओ फळीवर उलटा ठेवलेला होता. विचारलं तर म्हणाला, काय सांगू बाई, त्या शनिवारी परदेशातली मॅच ऐन रंगात आलेली, शॉर्ट वेव्हवर कॉमेंटरी कशी स्वच्छ चाललेली, आणि अकरा वाजून गेल्यावर एकदम गप्प. खरखरसुद्धा नाही. रेडिओला चार थपडा मारल्या, बॅटऱ्या बदलल्या. अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाला, तोवर आपले दोन गडी बाद. मेकॅनिकला दाखवला, तो म्हणतो यात काही बिघाड नाही. मी विचारलं, कुठला शनिवार? त्याने दुकानाच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं.

मोठी सौर ज्वाला भडकली की तिच्या क्षकिरणांनी पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूचं वरचं वातावरण बिघडतं आणि शॉर्ट वेव्ह काही वेळ मुकी होते. हे मी दर वर्षी शिकवत होते, परीक्षेला चार मार्कांना विचारतही होते. ब्लाउज तिथेच टाकून मी घराकडे निघाले. वाटेत त्या दोन वेळा डोळ्यांपुढे येत होत्या. ११-१२. ११-१७.

टोपली कधीच रिकामी झाली होती. मी सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की चांगला जाड कागद बघून त्यांनी तो सुकटीच्या डब्याला झाकणाखाली लावलाय. "पण मेला भोकांचा निघाला. वास येतो बाहेर."

मी डब्याचं झाकण काढलं. कागद तिथेच होता, तेलकट, वाळलेल्या जवळ्याचा वास मारणारा. खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरला. डागांचा पुंजका करडा, आणि त्याच्या दोन्ही अंगांना सात आणि पाच ठिपक्यांच्या दोन रेघा, कागदाहून लखलखीत. वर्णगोलातले ते दोन पट्टे मी पुस्तकातल्या फोटोत कितीदा पाहिले होते. तसेच वाकलेले. फक्त हे लाल काचेतून पाहिलेले नव्हते. हे साध्या पांढऱ्या प्रकाशात, सगळ्यात खालच्या थरात दिसले होते.

मी कागद घेऊन पडवीत गेले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मामंजी, ही भोकं तुम्ही पाडलीत ना?"

त्यांनी सवयीने स्वयंपाकघराकडे पाहिलं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, पण त्या काही बोलल्या नाहीत. मग मामंजी माझ्याकडे बघून म्हणाले, "व्हय."

"का?"

"कागदावून उजळ व्हतं ते. पेन्सिलीनं काळं निघतं. उजळ कशानं काढू? बॉयलरला बारीक भोक असतं, त्यातनं आतली आग दिसते. तसं केलं."

सांगू लागले तेव्हा सगळं सांगितलं. डागांच्या दोन्ही बाजूंना अचानक दोन तुकडे पेटले. आधी त्यांना वाटलं की पेटीला कुठे फट पडून ऊन आत येतंय. त्यांनी पेटीवर गोधडी टाकली. दुर्बीण जराशी हलवली, तर ते तुकडे डागांबरोबर हलले, म्हणजे ते सूर्यावरचेच होते. कोणाला हाक मारावी, तर घरात कोणी नाही. मग घड्याळ पाहिलं, सासूबाईंच्या डब्यातली सुई घेतली आणि उजेड होता तिथे तिथे टोचलं. पाच मिनिटांत सगळं विझलं. याहून काटेकोर निरीक्षण मी आयुष्यात केलेलं नाही.

"मग मला सांगितलं का नाही?"

"कागद ठेवला व्हता ना. तू परत काढलास नि ते गाळलंस. खाली नाव माझंच, नि मी बघितलं ते नाय. डाक्टर शिकलेला, तू शिकलेली. दोघांनी तेच सांगितलं. मग मी धरलं, नसंलच ते."

मी तिथेच जमिनीवर बसले. माझं चुकलं, असं म्हटलं. दोनदा म्हटलं. एवढ्या साध्या शब्दांना घरातल्या रीतीत जागा नव्हती, त्यामुळे ते त्यांनाही जड गेले आणि मलाही. सासूबाई पदराने डोळे पुसत आत गेल्या.

त्याच दिवशी मी सरांना पत्र लिहिलं. आधी पाठवलेला कागद माझा, नक्कल केलेला, आणि त्यात मी निरीक्षण गाळलं, हे स्पष्ट लिहिलं. पुढेमागे त्यांच्याकडे पीएच.डी. करायची माझी इच्छा होती, आणि निरीक्षणात फेरफार करणाऱ्या माणसाला कोण दारात उभं करतं? पण मूळ कागद पाकिटात घातला, सुकटीच्या वासासकट.

उत्तर यायला महिना लागला. मामंजी पेटीकडे वळले नव्हते, पण पाठ करून बसणं थांबलं होतं. पोस्टमन दिसला की ते आधी उठत. पत्र आलं त्या दिवशी मी रजेवर होते. ते त्यांनीच माझ्या हातात दिलं आणि बाकावर बसले. मी वाचून मराठीत सांगू लागले.

सरांनी लिहिलं होतं, त्या दिवशी त्याच वेळेला आमच्या लाल काचेच्या फोटोत मोठी ज्वाला आहे, दोन पट्टे आहेत, आणि तुमच्या भोकांशी ते जुळतात. पांढऱ्या प्रकाशातला आमचा फोटो मात्र सकाळी लवकरचा, त्यात काही नाही. ज्वालेची झळ खाली दीप्तिगोलापर्यंत पोचली की नाही, याला पुरावा एकच, आणि तो माझ्या टेबलावर माशांचा वास पसरवत पडलाय. पूर्वी एका निरीक्षकाने हे असंच पडद्यावर पाहिलं होतं. कोणाला तरी दाखवावं म्हणून तो धावत गेला आणि परत येईपर्यंत बराचसा उजेड ओसरला होता. तुमचा माणूस जागेवरून हलला नाही, हे फार चांगलं झालं. मी केलेल्या नकलेबद्दल सरांची एकच ओळ होती, आणि ती मला लागायला हवी तेवढी लागली. शेवटी एक प्रश्न होता. हे नोंदवायचं तर निरीक्षकाबद्दल माहिती हवी. वय, अनुभव, आणि त्यांची नजर कशी आहे.

तिथे मी थांबले. मामंजींनी मान खाली घातली. मग म्हणाले, "खरं ते लिही. डाक्टरांचं पण लिही."

मी वही घेतली आणि त्यांच्यासमोर बसूनच उत्तर लिहिलं, एकेक वाक्य मोठ्याने म्हणत. वय त्रेसष्ट. बावीस वर्षं बोटीवर आगवाला. आग जवळून पाहण्याचा अनुभव तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त. डॉक्टरांनी डोळ्यांत नापास केलं होतं. आणि नजरेबद्दल लिहिलं, "कागद माझ्याही डोळ्यांसमोर होता. त्यांना दिसलं आणि मला दिसलं नाही. यावरून आपणच ठरवावं."

खळ्यातलं ऊन पडवीच्या पायरीपर्यंत आलं होतं. साडेदहा व्हायला आले होते. मामंजी उठले, आंब्याच्या पेटीवरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "तिला सांग, कागद आणखी जरा जाड आण म्हणावं. भोकं पाडताना ह्यो फाटतो."

"ती तुमच्या समोरच उभी हाय," सासूबाई आतून म्हणाल्या.